बोर्ड, टाइमलाइन की यादी : एका टीमच्या डिफॉल्ट व्ह्यूचं प्रकरण

चौदा जणांची टीम, एकच प्रोजेक्ट आणि ‘काम कुठवर आलंय?’ या प्रश्नाला तीन उत्तरं. प्रोजेक्ट मॅनेजरच्या मते चाचणी ठरल्या तारखेला सुरू होणार होती. डेव्हलपर म्हणत होते, निम्मं काम अजून हातातच आहे. टेस्टिंग लीडचं म्हणणं होतं, माझ्याकडे तपासायला काही आलेलंच नाही. तिघांपैकी कोणीही थापा मारत नव्हतं. तिघांनी एकाच सॉफ्टवेअरमध्ये बघून उत्तर दिलं होतं. फक्त मॅनेजर टाइमलाइन उघडून बसले होते, डेव्हलपर बोर्ड, आणि टेस्टिंग लीड स्वतःचा फिल्टर लावलेली यादी.

टीमचं आणि सॉफ्टवेअरचं नाव देत नाही. निरनिराळ्या टीम्समध्ये दिसणाऱ्या गोष्टी इथे एका टीममध्ये गुंफल्या आहेत, त्यामुळे ती शोधायच्या भानगडीत पडू नये. काम होतं जुन्या बिलिंग सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीममध्ये नेण्याचं. आधी साफसफाई, मग जुळणी, मग चाचणी आणि शेवटी एका रात्रीत नव्या सिस्टीमवर उडी. एक टप्पा लांबला की पुढचे सगळे लांबणार, अशी कामाची जातकुळी.

सुरुवातीचं सेटिंग

व्ह्यू म्हणजे तीच कामं पडद्यावर मांडण्याची एक रीत, आणि डिफॉल्ट म्हणजे उघडताच समोर येणारी. सॉफ्टवेअर बसवताना सगळ्यांसाठी टाइमलाइन हा डिफॉल्ट व्ह्यू ठेवला गेला. कारण साधं होतं. वरिष्ठांना प्रोजेक्ट दाखवायचा होता आणि रंगीत पट्ट्या पडद्यावर बऱ्या दिसतात. त्या एका बैठकीपुरतं ते ठीकही होतं. पण नंतर ते कोणी बदललं नाही, आणि लॉगिन केलं की समोर टाइमलाइन हे रोजचंच झालं.

टाइमलाइनला प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट लागतो. ज्या टास्कला तारखा नाहीत तिची पट्टीच निघत नाही, ती बाजूच्या ‘तारीख नसलेली’ या कप्प्यात जाऊन पडते. त्या कप्प्यात डोकवायला कोणी जात नाही, हे डेव्हलपरांच्या लवकरच लक्षात आलं. मग टास्क तयार करतानाच तारखा टाकल्या जाऊ लागल्या. कुठल्या? सॉफ्टवेअर आपणहून सुचवेल त्या. आज सुरू, उद्या संपलं. रकाना भरलेला, पण त्यात कोणाचाही अंदाज नाही. रिकामा रकाना निदान ‘अजून ठरलं नाही’ एवढं तरी सांगतो. असा भरलेला रकाना काहीच सांगत नाही, वर भरवशाचा वाटतो.

दुसरी अडचण याहून वाईट. टाइमलाइनवर पट्टी ओढली की तारीख सगळ्यांसाठी बदलते. शिवाय ‘अवलंबून असलेली कामं आपोआप सरकव’ हे सेटिंग चालू होतं. एकदा एका डेव्हलपरकडून टचपॅडवर आडवं स्क्रोल करताना साफसफाईच्या टास्कची पट्टी पकडली गेली आणि काही दिवस पुढे गेली. तिच्या मागोमाग तिला जोडलेली सगळी रांग सरकली. तारीख बदलल्याची नोटिफिकेशन्स लोकांनी आधीच वैतागून बंद करून ठेवली होती, त्यामुळे कोणाला पत्ताच लागला नाही. पुढे कधीतरी अॅक्टिव्हिटी लॉग चाळला तेव्हा एकाच मिनिटात, एकाच नावावर, ओळीने तारखा बदललेल्या सापडल्या. व्ह्यू हा नुसता बघण्यासाठी असतो, असं आपण धरून चालतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो लिहिण्यासाठीही असतो. म्हणून व्ह्यू निवडताना त्यात चुकून काही बदललं जाणं किती सोपं आहे, हेही बघायला हवं. हा निकष मला तुलनेच्या तक्त्यांत क्वचितच दिसतो.

डेव्हलपर मग गुपचूप बोर्डकडे वळले. प्रत्येकाने आपापला खाजगी बोर्ड बनवला : ‘करायचं’, ‘चालू’, ‘तपासणी’, ‘झालं’. कार्डावर नाव आणि फोटो एवढंच. तारीख दिसतच नसल्याने ती कोणी सुधारत नव्हतं. तिकडे मॅनेजरच्या टाइमलाइनवर त्याच जुन्या तारखांच्या पट्ट्या छान रांगेत उभ्या.

हरवलेलं कार्ड

प्रकरण पेटलं ते एका कार्डावरून. त्याचं नाव ‘जुन्या ग्राहक क्रमांकांची नव्या क्रमांकांशी जुळणी’. हे झाल्याशिवाय चाचणीला खरा डेटाच मिळणार नव्हता. जुळणीसाठी क्लायंटकडून एक यादी यायची होती. डेव्हलपरने यादी मागितली आणि कार्डाचं स्टेटस बदलून ‘क्लायंटची वाट’ केलं. हे स्टेटस कोणीतरी आदल्याच आठवड्यात नव्याने टाकलं होतं. डेव्हलपरचं वागणं अगदी शिस्तीचं होतं.

आता हे कार्ड कुठे कुठे दिसलं नाही ते बघा. बोर्डावरचा कॉलम म्हणजे एक किंवा अधिक स्टेटस, आणि नवं स्टेटस कुठल्याच कॉलमला जोडलेलं नव्हतं. त्यामुळे कार्ड बोर्डावरून नाहीसं झालं. (जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच आहे. कुठल्याही कॉलमला न जोडलेल्या स्टेटसची कामं बोर्डावर येत नाहीत.) टाइमलाइनवर पट्टी होती, पण तिथले रंग माणसानुसार होते, स्टेटसनुसार नव्हते. म्हणजे काम चालू असो की ठप्प, पट्टी निळीच. टेस्टिंग लीडच्या यादीला ‘स्टेटस : तपासणी’ हा फिल्टर, तिथे ते येण्याचा प्रश्नच नव्हता. उरला मॅनेजरचा ‘मुदत उलटलेली’ हा फिल्टर. तो खरं तर अशाच वेळेसाठी होता. पण हे कार्ड साफसफाईच्या टास्कला जोडलेलं होतं. टचपॅडच्या त्या धक्क्याने तिच्याबरोबर त्याचीही मुदत पुढे गेली होती. त्यामुळे ते ‘मुदत उलटलेली’मध्येही आलं नाही.

शेवटी टेस्टिंग लीडनेच टेस्ट केसेस लिहिण्यासाठी साध्या सर्चमध्ये ‘ग्राहक क्रमांक’ टाइप केलं, तेव्हा ते वर आलं. क्लायंटकडच्या माणसाला तर यादी कधीपर्यंत हवी हेच कोणी सांगितलं नव्हतं.

या घटनेत सॉफ्टवेअर कुठेही बिघडलेलं नाही. चारही ठिकाणी त्याने सांगितलं तेच केलं. प्रत्येक व्ह्यू काही ना काही लपवतोच, त्यासाठीच तो बनवलेला असतो. अडचण अशी की काय लपवलंय हे ज्याने व्ह्यू बनवला त्यालाच ठाऊक होतं, आणि काही दिवसांनी त्यालाही आठवत नव्हतं.

मतदान का नको

यानंतरच्या बैठकीत जे व्हायचं तेच झालं. डेव्हलपर म्हणाले, बोर्ड डिफॉल्ट करा. मॅनेजर म्हणाले, ‘अहो, बोर्डावर मला तारीख दिसत नाही, मी वर काय सांगू?’ कोणीतरी मतदानाची टूम काढली. चौदापैकी आठ डेव्हलपर, म्हणजे निकाल आधीच लागलेला. सुदैवाने ते झालं नाही. मतदानाने कोणाचा व्ह्यू जिंकला ते कळतं, पण हरलेल्यांचे प्रश्न तसेच राहतात आणि ते पुन्हा खाजगी फिल्टरांत जाऊन बसतात.

हे व्ह्यू मुळात आले कुठून ते बघितलं तर भांडण जरा निवळतं. पट्ट्यांचा तक्ता हेन्री गॅन्ट यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १९१० च्या दशकात कारखान्यांतल्या कामासाठी रूढ केला. त्याच्याही आधी, १८९६ च्या सुमारास, कॅरोल अडामिएत्स्की या पोलिश अभियंत्याने अशाच जातीचा ‘हार्मोनोग्राम’ काढला होता. ठरलेलं काम आणि झालेलं काम वेळेच्या पट्टीवर शेजारी शेजारी बघणं, हा त्या तक्त्याचा हेतू. कुठलं काम लांबलं की अख्खा प्रोजेक्ट लांबतो हा हिशोब नंतरचा : १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत क्रिटिकल पाथ पद्धत आली, आणि १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी पर्ट ही तशीच नियोजनाची पद्धत. आज आपल्या टाइमलाइनवर पट्टीवरून पट्टीवर जाणारे बाण दिसतात, त्यामागे हा दुसरा विचार आहे.

बोर्ड आला कानबान या पद्धतीतून, आणि तिचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात, ताइची ओनो यांच्या कामात. तिथे कार्ड हा एक परवाना होता. पुढच्या टप्प्याने मागणी केल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही. म्हणजे कानबानचा जीव होता एका वेळी हातात किती काम घ्यायचं या मर्यादेत. सॉफ्टवेअरमध्ये येता येता बऱ्याच टीम्सकडे कॉलम तेवढे आले आणि मर्यादा मागे राहिली. या टीमच्या खाजगी बोर्डांवरही ‘चालू’मध्ये कितीही कार्डं चालत.

एका आठवड्याचा प्रयोग

मतदानाऐवजी ठरलं ते असं. आठवडाभर सॉफ्टवेअर उघडताना मनात कुठला प्रश्न होता, तो प्रत्येकाने एका सामायिक पानावर लिहायचा. व्ह्यूचं नाव लिहायचं नाही, फक्त प्रश्न. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, दोघांनी तर काहीच लिहिलं नाही. तरी पुरेसं जमलं.

डेव्हलपरांचे प्रश्न अपेक्षेप्रमाणे : आता काय घेऊ, माझं कोणाकडे अडकलंय. टेस्टिंग लीडचा प्रश्न होता, या आठवड्यात माझ्याकडे काय येऊन पडणार. म्हणजे तिला आलेलं काम बघायचं नव्हतं, येऊ घातलेलं बघायचं होतं, आणि तिचा स्वतःचा फिल्टर नेमकं तेच दाखवत नव्हता. सगळ्यात अनपेक्षित पान मॅनेजरचं निघालं. टाइमलाइनसाठी सर्वांत जास्त भांडणाऱ्या माणसाने तारखांबद्दल फारच थोड्या वेळा विचारलं होतं, तेही अहवालाच्या आदल्या दिवशी. रोज त्यांना हवं होतं ते एवढंच, की कुठे काय अडलंय आणि मी कोणाला फोन करू.

पुढची पायरी जरा कंटाळवाणी, पण माझ्या मते या प्रकरणातलं खरं काम इथेच झालं. प्रत्येक प्रश्नापुढे लिहिलं गेलं, की याच्या उत्तराला कुठले रकाने लागतात, ते कोण भरणार आणि कधी. भरायला माणूस सापडला नाही तो रकाना रद्द, आणि त्यावर उभा असलेला व्ह्यूही रद्द. या चाळणीत कोणावर किती काम आहे ते दाखवणारा ‘वर्कलोड’ व्ह्यू लगेच गळला. त्याला प्रत्येक टास्कचे अंदाजे तास लागतात आणि ते कोणीही भरणार नव्हतं. प्राधान्याच्या पाच पातळ्या होत्या आणि जवळजवळ सगळी कार्डं ‘उच्च’मध्ये होती. पाचाच्या दोन झाल्या. सुरुवातीची तारीख बहुतेक टास्कवरून काढून टाकली. व्ह्यूची किंमत रकान्यांत मोजावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये नवा व्ह्यू दोन क्लिकमध्ये तयार होतो, आणि त्याला खरी माहिती पुरवण्याचं काम मग कोणाच्या तरी रोजच्या डोक्यावर बसतं.

काय ठरलं

डिफॉल्ट बोर्ड झाला, पण खाजगी बोर्डांपेक्षा वेगळा : ‘चालू’मध्ये किती कार्डं ठेवायची याला मर्यादा आली. सर्वांत जास्त वाद झाला तो अडकलेल्या कामांवर. पहिली सूचना आली : ‘अडकलेलं’ असा पाचवा कॉलम करू. ऐकायला सरळ वाटतं, पण कार्ड तिकडे सरकवलं की ते मुळात कुठल्या टप्प्यावर होतं ते पुसलं जातं. जुळणीत अडकलं की तपासणीत, हे कळत नाही. शिवाय ‘चालू’ला मर्यादा घातली की लोक जास्तीची कार्डं या कॉलममध्ये नेऊन ठेवतात आणि नवी उचलतात. म्हणून कॉलमऐवजी झेंडा ठरला. कार्ड आहे त्या जागी राहणार, त्यावर लाल खूण आणि एक सक्तीची ओळ : कोणाची वाट बघतोय, कधीपासून. असं कार्ड मर्यादेतही मोजलं जाणार, म्हणजे अडकलेलं काम सोडवल्याशिवाय नवीन घ्यायला जागा नाही. डेव्हलपर यावर कुरकुरले. क्लायंटच्या उशिराची शिक्षा आम्हाला का, हा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच गैर नव्हता. त्यावर तोडगा एवढाच निघाला, की झेंडा लागल्या दिवशी मॅनेजरने क्लायंटशी बोलायचं.

तारखांचा प्रश्न सुटला तो जरा वेगळ्या वाटेने. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचं एक सूत्र सिद्ध केलं. काम साधारण एका गतीने येत-जात असेल, तर एका कामाला सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातातली कामं भागिले दर आठवड्याला संपणारी कामं. समजा ‘चालू’ आणि ‘तपासणी’ मिळून २४ कार्डं आहेत आणि आठवड्याला ६ संपतात. मग आज उचललेलं कार्ड सरासरी ४ आठवडे घेणार. हातातली १२ केली आणि संपण्याचा वेग तोच राहिला, तर २ आठवडे. फळ्यावर हे गणित मांडल्यावर मॅनेजर थोडे सैल झाले. बोर्डाला तारखांमधलं काही कळत नाही, हे त्यांचं म्हणणं पूर्ण खरं नव्हतं. कोणत्या कार्डाची कोणती तारीख हे बोर्ड सांगत नाही, पण टीमच्या वेगाचा अंदाज त्यातून निघतो, आणि हवेतल्या पट्ट्यांपेक्षा तो बरा.

टाइमलाइन गेली नाही. तिच्यात फक्त टप्पे आणि एकमेकांवर अवलंबून असलेली मोजकी कामं ठेवली. बदलण्याची परवानगी दोघांनाच, आणि आपोआप सरकवण्याऐवजी तारखा एकमेकींवर आल्या तर इशारा. रंग स्टेटसनुसार. कॅलेंडर सुट्ट्या आणि सर्व्हर बंद असण्याच्या वेळा यांपुरतं राहिलं. टेस्टिंग लीडला स्वतंत्र यादी मिळाली : ‘तपासणी’तली कार्डं, आणि त्यांच्या खाली ‘चालू’मधली, झेंडा असेल तर झेंड्यासकट.

आणखी एक व्ह्यू बनला, सगळ्यात नीरस दिसणारा. त्यात कॉलम-बिलम काही नाही, नुसती यादी : ज्यांना कोणी धनी नाही, ज्यांचं स्टेटस बोर्डाच्या कुठल्याच कॉलमला जोडलेलं नाही, ज्यांना आठवडाभर कोणी हात लावलेला नाही अशी कामं. आठवड्याच्या पहिल्या बैठकीत आधी हा उघडायचा. यादी रिकामी असेल तर अर्ध्या मिनिटात पुढे. एकच व्ह्यू ठेवायची सक्ती झाली तर मी हाच ठेवीन. बाकीचे व्ह्यू काम दाखवतात, हा त्यांच्या जाळ्यातून निसटलेलं दाखवतो.

सामायिक आणि खाजगी

खाजगी व्ह्यूंवर बंदी घालावी असं एकाने सुचवलं. ते टिकलं नसतं. टीममधल्या एकाची नजर अधू आहे, तो कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरवर काम करतो. कार्डं ओढायचा बोर्ड त्याच्यासाठी त्रासाचा, यादी सोयीची. फोनवरून बघणाऱ्यांनाही अॅपमध्ये एका वेळी एकच कॉलम दिसायचा, तेही यादीच पसंत करत. डिफॉल्ट म्हणजे पहिलं दार. सगळ्यांनी तिथूनच ये-जा करावी असा त्याचा अर्थ नाही. म्हणून खाजगी व्ह्यू मोकळे राहिले, पण बैठकीत पडद्यावर येणार तो सामायिकच, आणि सामायिक व्ह्यूंना कुलूप.

हा भेद बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कुठे ना कुठे असतो, फक्त प्रत्येकाची रीत वेगळी. एअरटेबलमध्ये व्ह्यू सामायिक, वैयक्तिक किंवा कुलूपबंद ठेवता येतो. गिटहब प्रोजेक्ट्समध्ये फिल्टर बदलला तरी सेव्ह करेपर्यंत तो बदल आपल्यापुरताच असतो. नोशनमध्ये फिल्टर सगळ्यांसाठी सेव्ह करायचा की नाही, हे वेगळं बटण दाबून ठरतं. नवीन माणूस टीममध्ये आला की त्याला हे पहिल्याच दिवशी सांगावं. नाहीतर तो स्वतःच्या सोयीसाठी फिल्टर लावतो आणि सगळ्यांच्या बोर्डावरून निम्मी कार्डं गायब होतात.

नावांचा एक नियमही झाला. व्ह्यूच्या नावातच काय वगळलंय ते लिहायचं. ‘टीम बोर्ड’ हे नाव जाऊन ‘टीम बोर्ड, १४ दिवसांपूर्वी झालेली वगळून’ असं आलं. नाव लांबलचक आहे, टॅबमध्ये अर्धं कापलं जातं, आणि डिझायनरला ते अजिबात आवडत नाही. तरी ते राहिलं.

न जमलेलं

‘चालू’ची मर्यादा पाळली जाते, पण ताण आला की पहिला बळी तिचाच. झेंड्याची ओळ काही जण ‘वाट बघतोय’ एवढीच लिहितात. कोणाची, ते विचारावं लागतं.

क्लायंटला काय दाखवायचं हा विषय अजून भिजत पडलाय. आधी त्यांना बोर्डाचीच लिंक दिली होती. लगेच एकेका कार्डाबद्दल विचारणा सुरू झाली, हे काल ‘तपासणी’त होतं, आज परत ‘चालू’त का? चाचणीत दोष सापडला की कार्ड मागे येणारच, पण बाहेरून बघणाऱ्याला ती पीछेहाट वाटते. डेव्हलपरांनी त्यावर कार्डं मागे न्यायचंच टाळलं आणि दोषांसाठी वेगळी कार्डं काढायला सुरुवात केली. म्हणजे पुन्हा व्ह्यूपायी माहिती वाकडी व्हायला लागली. लिंक बंद करून आता टप्पा, सध्याची स्थिती आणि ‘तुमच्याकडून काय हवंय’ अशा तीन रकान्यांची यादी आठवड्याला जाते. क्लायंटला ती अपुरी वाटते, त्यांना टक्केवारी हवी आहे. मॅनेजर द्यायला तयार आहेत, टेस्टिंग लीडचा ठाम विरोध आहे, आणि टक्के नेमके कशाचे मोजायचे, कार्डांचे की हलवलेल्या नोंदींचे, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलंय.